दोन हजार बाटांचे किती रुपये?

न्हावा-शेव्याच्या एखाद्या सीएचएच्या, म्हणजे सीमाशुल्क दलालाच्या, ऑफिसात बिल ऑफ एंट्री भरत बसलेल्या उरणच्या कुठल्याही पोराला विचारा, आज डॉलर कितीला आहे? तो उलट तुम्हालाच विचारेल, ‘इम्पोर्टचा की एक्स्पोर्टचा?’ सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ खाली परकीय चलनांचा जो तक्ता जाहीर होतो, त्यात एकाच चलनापुढे दोन आकडे असतात. बाहेरून येणाऱ्या मालासाठी एक, बाहेर जाणाऱ्यासाठी दुसरा, आणि आयातीचा आकडा वरचा. १९८९ मध्ये बंदर सुरू झाल्यापासून जासई, द्रोणागिरी, बोकडवीऱ्याच्या बाजूला कंटेनर यार्ड आणि क्लिअरिंगची कामं वाढत गेली, आणि चलनाला एक भाव नसतो, दोन असतात, हे इथल्या कितीतरी घरांत नोकरीचा भाग म्हणून ठाऊक झालं.

तोच पोरगा मित्रांच्या भिशीतून थायलंडला जातो तेव्हा मात्र हे सगळं इथेच ठेवून जातो. पटायाच्या रस्त्यावर एटीएम दिसलं की कार्ड घालतो, ‘दोन हजार’ दाबतो, नोटा मोजतो आणि पुढे जातो. परत आल्यावर पासबुक भरून आणलं की त्यात एकाच दिवसाच्या तीन-चार ओळी निघतात. पहिल्या ओळीतली रक्कम काढलेल्या बाटांशी जुळत नाही. दुसऱ्या ओळीला नुसतं ‘चार्जेस’ म्हटलेलं. तिसऱ्या ओळीत जीएसटी. बँकेत जाऊन विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘इंटरनॅशनल आहे ना, लागतं.’ लागतं हे खरं, पण कोणाला किती लागतं हे समजून घेतलं तर त्यातला बराचसा खर्च टाळता येतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून बाट अडीच रुपयांचा धरू. दोन हजार बाट म्हणजे पाच हजार रुपये. थायलंडमधल्या बँका परदेशी कार्डावर दर वेळी ठरावीक रक्कम घेतात. वर्षानुवर्षं ती २२० बाटांच्या आसपास आहे. तुम्ही दोन हजार काढा नाहीतर वीस हजार, आकार तोच. ही रक्कम वेगळी दाखवत नाहीत, काढलेल्या पैशातच मिसळून इकडे पाठवतात. त्यामुळे तुमच्या बँकेकडे मागणी येते २,२२० बाटांची, म्हणजे ५,५५० रुपयांची. पासबुकातली पहिली ओळ जुळत नाही ती यामुळे.

मग आपली बँक हात पुढे करते. बहुतेक मोठ्या बँकांचा रिवाज असा की परदेशातल्या एटीएमचा प्रत्येक वापर म्हणजे शंभर ते दीडशे रुपये ठोक, आणि शिवाय रकमेवर साडेतीन टक्क्यांपर्यंत चलनबदलाचा मार्कअप. सव्वाशे रुपये ठोक धरले आणि मार्कअप पूर्ण साडेतीन टक्के धरला, तर ५,५५० वर १९४ रुपये होतात. गंमत अशी की हा मार्कअप थाई बँकेच्या २२० बाटांवरही लागतो, म्हणजे फीवर फी. मग या १२५ आणि १९४ वर १८ टक्के जीएसटी, सत्तावन्न रुपये. बेरीज करा: खात्यातून गेले ५,९२६, हातात आला पाच हजारांचा माल. ९२६ रुपये वाटेत गेले, म्हणजे साडेअठरा टक्के.

आता तोच माणूस एकदाच वीस हजार बाट काढतो. पन्नास हजार रुपयांचे बाट. स्थानिक फी तीच ५५०, ठोक फी तीच १२५, मार्कअप १,७६९, जीएसटी ३४१. एकूण २,७८५ रुपये, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. दोन-दोन हजार करून दहा वेळा काढले असते तर ९,२६० गेले असते. जवळ जास्त रोकड नको, लागेल तशी काढू, ही उरण बाजारात शहाणपणाची असलेली सवय तिकडे जवळपास साडेसहा हजारांना पडते. हॉटेलच्या खोलीत लॉकर असतो, त्याचा उपयोग पासपोर्टाइतकाच नोटांसाठीही आहे.

इथे एक शंका स्वाभाविक आहे. तेच कार्ड बँकॉकच्या दुकानात घासलं तर फक्त मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी जातो, मिळून चार टक्के आणि थोडं वर. मग एटीएमवर एवढा राग का? याचं उत्तर पैसे कोणत्या दिशेने वाहतात त्यात आहे. दुकानात कार्ड घासलं की दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनातला एक वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. एटीएममध्ये नेमकं उलटं होतं. यंत्र ज्याचं, नोटा भरणं, पहारा, भाडं, वीज ज्याची, त्याला कार्ड देणाऱ्या बँकेने पैसे द्यायचे असतात. याला इंटरचेंज म्हणतात. भारतातल्या भारतातही हेच चालतं. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून तुम्ही पैसे काढले की तुमची बँक त्या बँकेला दर वेळी १९ रुपये देते. १ मे २०२५ पूर्वी ते १७ होते. महिन्याचे फुकटचे व्यवहार संपले की बँक तुमच्याकडून जास्तीत जास्त २३ रुपये घेऊ शकते, तेही त्याच तारखेपासून, आणि तो आकडा रिझर्व्ह बँकेने बांधून दिलेला आहे. चारफाट्यावरच्या एटीएमने तेवीस रुपये कापले म्हणून आपण चरफडतो. परदेशातल्या व्यवहाराला अशी कमाल मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. तिथे तुमच्यासाठी बँक स्वतःच्या खिशातून पैसे देते आणि ते सव्याज वसूल करते.

मार्कअपचं समर्थन बँका असं करतात की चलनाचा भाव हलतो, व्यवहार झाल्याची वेळ आणि हिशेब मिटण्याची वेळ यात एक-दोन दिवस जातात, तेवढ्यात रुपया घसरला तर तोटा कोणी सोसायचा? शिवाय व्हिसा, मास्टरकार्डसारखं जाळं सीमेपलीकडच्या व्यवहाराचे स्वतःचे पैसे घेतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्या पूर्ण साडेतीन टक्क्यांचं कारण आहेत यावर माझा विश्वास बसत नाही, आणि त्याला दुबईत पुरावा मिळतो. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. बाजार वर जावो की खाली, हा आकडा हलत नाही. समजा तुम्ही डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड घेऊन दुबईला गेलात आणि तिथे दिरहम काढले. डॉलर तुम्ही आधीच, भारतातून निघण्याआधीच विकत घेतलेला आहे. डॉलर आणि दिरहम यांच्यात जोखीम शून्याच्या जवळपास. तरीही ज्या कार्डांवर ‘क्रॉस करन्सी’ आकार असतो, ती तो घेतातच, पुष्कळदा तीन-साडेतीन टक्क्यांनी. दुबईला जाताना कार्डात दिरहमच भरून घ्यायचे, डॉलर नाही, हे टूरवाल्यांनी आधी सांगायला हवं. बरेच जण सांगत नाहीत.

या सगळ्यापेक्षा महाग पडणारी गोष्ट दिसायला मात्र सर्वांत सोयीची असते. एटीएमचा पडदा एक प्रश्न विचारतो. तुम्ही हजार दिरहम मागितलेत, त्याचे रुपये करून देऊ का? खाली लिहिलेलं असतं, अमुक इतके हजार रुपये, दर अमुक, ‘हमी दर’. उजवीकडे मोठं हिरवं बटण, ‘मान्य’. डावीकडे राखाडी, ‘रूपांतराशिवाय पुढे जा’. परदेशात, रांगेत मागे माणसं उभी, अनोळखी चलन, आणि समोर ओळखीचे रुपये दिसताहेत. हात हिरव्याकडे जातो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, धंद्यातले लोक डीसीसी. आता चलन बदलण्याचं काम तुमच्या बँकेऐवजी त्या एटीएमचा मालक करतो, आणि भाव तोच ठरवतो. दिरहमचा खरा भाव तेवीस असेल तर हा साडेचोवीस लावू शकतो. साडेसहा टक्के तिथेच गेले. त्यावर कळस म्हणजे परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही काही भारतीय बँका वेगळा टक्का घेतात. हमी दर असतो हे खरंच आहे, हमी फक्त वाईट दराची असते.

युरोपीय संघाने आपल्या देशांच्या चलनांपुरता यावर नियम केला. २०२० पासून एटीएमवाल्याने आणि दुकानदाराने आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के वर आहे हे तिथल्या तिथे दाखवायचं. नुसता भाव सांगून चालणार नाही, फरक सांगा. साधी गोष्ट आहे, पण याने बटणाचा रंग कोणताही असला तरी माणसाला तुलना करता येते. आपल्याला ही तुलना स्वतः करावी लागते. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर त्या त्या दिवसाचा दर काढायचं गणकयंत्र फुकट आहे, तुमच्या बँकेचा मार्कअप त्यात घातला की शेवटचा आकडाही मिळतो. निघण्याआधी एकदा हा आकडा बघून ठेवला की पडद्यावरचा ‘हमी दर’ कुठल्या रांगेतला आहे ते चटकन कळतं. आणि नियम एकच लक्षात ठेवायचा. परदेशात यंत्र असो, हॉटेल असो की दुकान, पैसे नेहमी तिथल्याच चलनात, रुपयांची भाषा कोणी काढली की नको म्हणायचं.

पर्यटकाच्या बाजूने असा दराचा नियम फारसा कोणी केलेला नाही, पण उरणला जवळच्या एका माणसाच्या बाजूने तो आहे. बोटीवर जाणाऱ्याच्या. न्हावा-शेव्याला लागणाऱ्या जहाजांवरचे खलाशी, आणि रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून ‘शिपवर’ जाणारी पोरं, यांचा पगार बहुधा डॉलरमध्ये ठरतो. त्यातला काही भाग दर महिन्याला घरी पाठवायचा, त्याला अलॉटमेंट म्हणतात. सागरी कामगार करार, २००६ हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात या अलॉटमेंटबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की पैसे पाठवण्याचा आकार वाजवी असावा, आणि चलनाचा दर बाजारातला किंवा अधिकृत जाहीर झालेला असावा, खलाशाला तोट्यात घालणारा नसावा. जहाजमालकांनी पूर्वी दरात काय काय केलं असेल हे या एका वाक्यावरून कळतं. उगीच कोणी करारात दराचं कलम घालत नाही.

बोटीवरचा माणूस एटीएमच्या फंदात सहसा पडतही नाही. जहाजाच्या कप्तानाकडे रोख डॉलर ठेवलेले असतात, बंदरात एजंटामार्फत आणखी मागवतात, त्याला ‘कॅश टू मास्टर’ म्हणतात. किनाऱ्यावर उतरण्याआधी हवे तेवढे डॉलर उचलायचे, सही करायची, ते पगारातून वळते होतात. फी नाही, मार्कअप नाही. मग बंदराबाहेरच्या मनी चेंजरकडे काय भाव मिळतो एवढाच प्रश्न उरतो, आणि जुन्या खलाशांना कुठल्या बंदरात फाटकासमोरच्या दुकानापेक्षा दोन गल्ल्या आत गेलं तर बरा भाव मिळतो हे तोंडपाठ असतं. साइन ऑफ करून विमानाने घरी येताना मात्र हाच माणूस दुबईच्या विमानतळावर कॉफीसाठी पन्नास दिरहम काढतो आणि आपल्यासारखाच फसतो.

दुबईत भारतीयाला पैसे बदलण्याची गरजच नव्हती, असाही एक काळ होऊन गेला. आखातातल्या बंदरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपयाच चालत असे. मुंबई हीच त्या किनाऱ्याची पेठ होती. मोती, खजूर, कापड, सोनं, सगळा हिशेब रुपयांत. यातून सोन्याची तस्करी इतकी वाढली की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, ज्या भारतात चालत नसत. त्याच वर्षी हजला जाणाऱ्यांसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिकडच्या लोकांना रुपया ठेवण्यात अर्थ उरला नाही. एकेका राज्याने आपापलं चलन काढलं. रुपया तिथून गेला, आणि आपण चलन बदलणारे झालो.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं परदेशात एटीएमची फी हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण काढायला पैसेच नेता येत नव्हते. १९७३ चा फेरा कायदा, परकीय चलनाचा तुटवडा, आणि अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातात आठ डॉलर. त्या पिढीतल्या मराठी डॉक्टर-इंजिनीअरांच्या आठवणींत हे आठ डॉलर हमखास येतात. आज ही मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलरवर गेली आहे. २००४ मध्ये परदेशी पैसे नेण्याची ही योजना सुरू झाली तेव्हा ती पंचवीस हजार होती. डेबिट कार्डाने परदेशात काढलेली प्रत्येक नोट याच मर्यादेत मोजली जाते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलात तर टीसीएस कापला जातो, पण चार दिवस पटाया फिरणाऱ्याचा त्याच्याशी संबंध येत नाही.

मग पैसे न्यायचे कसे? याला सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही, पण काही मार्ग उघडच वाईट आहेत. सर्वांत वाईट म्हणजे क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढणं. त्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास वेगळा आकार, मार्कअप तर आहेच, आणि खरेदीला मिळते ती दीड महिन्याची बिनव्याजी मुदत रोकडीला मिळत नाही. व्याज त्याच दिवसापासून, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. कार्ड हरवलं, मित्र दूर, रुग्णालयात पैसे भरायचेत, एवढ्याच वेळी हे चालेल.

निघण्याआधी नोटा विकत घेणं आजही स्वस्तातलं आहे, पण ते विमानतळावर करू नये. उलव्याच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी विमानं उडायला लागली, उरणकरांना सहार गाठायचा त्रास कमी झाला, पण चलनाच्या काउंटरचं भाडं विमानतळावर जास्तच असतं आणि ते कोणाच्या खिशातून निघतं हे सांगायला नको. वाशी, पनवेलला किंवा पलीकडे मुंबईत अधिकृत मनी चेंजर आहेत, दोघा-तिघांना फोन करून भाव विचारायचा. ‘कमिशन शून्य’ अशी पाटी दिसली तर त्याला फक्त एक प्रश्न विचारावा: हेच बाट मी आत्ता तुला विकले तर कितीला घेशील? खरेदी-विक्रीतला फरक हेच त्याचं कमिशन. हे बिल ऑफ एंट्री भरणाऱ्याला वेगळं शिकवायची गरज नाही. पन्नास हजार रुपयांपर्यंतचं चलन रोख देऊन घेता येतं, त्यापुढे चेक किंवा कार्ड लागतं. बहुतेक देशांसाठी एका फेरीला तीन हजार डॉलरपर्यंतच्याच नोटा नेता येतात, बाकी पैसा कार्डात. चलन बदलण्यावर जीएसटी आहे, लाखापर्यंतच्या रकमेला तो हजारी एक रुपया ऐंशी पैसे पडतो आणि कमीत कमी ४५ रुपये, म्हणून इथेही थोडे थोडे घेण्यात शहाणपण नाही.

आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आधीच चलन घेऊन ठेवण्याची जुनी पद्धत हजला होती. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूच्या हातात निघताना २,१०० रियाल ठेवले जात. २०२३ पासून ते बंद झालं, ज्याचे त्याने न्यावेत असं ठरलं. उरण, मोहा, पनवेलच्या बाजूची वयस्क माणसं पहिल्यांदाच परदेशी जात असतात, त्यांच्यासाठी ती जुनी सोय चांगली होती असं माझं मत आहे. मक्केत एटीएमच्या इंग्रजी-अरबी पडद्यासमोर उभं राहणं सत्तरीच्या माणसाला सोपं नसतं, आणि रियालही दिरहमसारखाच डॉलरला बांधलेला, पावणेचार रियालला एक डॉलर. आधी घेतला काय, नंतर घेतला काय, जुगार फक्त रुपयाचा.

फॉरेक्स कार्डाचा फायदा असा की भाव भरताना पक्का होतो आणि त्याच चलनात खर्च केला तर पुन्हा मार्कअप नाही. एटीएममधून काढताना मात्र कार्डवाल्याचे दोनेक डॉलर आणि तिथल्या यंत्राचे वेगळे पैसे जातातच. परत आल्यावर उरलेली रक्कम मोडताना बँकेचा खरेदीचा भाव मिळतो, म्हणजे एकदा जाताना आणि एकदा येताना कापणी. अलीकडे काही बँकांची शून्य मार्कअपची डेबिट कार्डं निघाली आहेत, वर्षातून एकदा जाणाऱ्यालाही ती परवडतात. फक्त शून्य कशावर आहे ते वाचावं. पुष्कळदा ते दुकानातल्या खरेदीवर असतं, एटीएमवर नसतं.

आणि यूपीआय. सिंगापूर, अमिरात, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा देशांत ठरावीक ठिकाणी आपला यूपीआय चालतो. सिंगापूरच्या पेनाऊ या पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेशी तो फेब्रुवारी २०२३ मध्ये जोडला गेला, वर्षभराने श्रीलंका आणि मॉरिशस आले. आधी ॲपमध्ये जाऊन ‘इंटरनॅशनल’ चालू करावं लागतं, आणि चलनबदलाचा आकार इथेही असू शकतो. पैसे पाठवण्याआधी ॲप रुपयांतला आकडा दाखवतं तो वाचावा. पण चहावाल्यापर्यंत क्यूआर पोचलेल्या देशातल्या माणसाला हे सगळ्यात सवयीचं वाटतं.

कार्ड नेणार असाल तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशातच चालेल असं येतं, परदेशातला वापर आपण स्वतः चालू करायचा असतो. बँकॉकच्या एटीएमने कार्ड नाकारलं की बहुतेक वेळा कारण एवढंच निघतं. दुसरं म्हणजे कार्डावरची रुपेची खूण. सगळी रुपे कार्डं परदेशात चालत नाहीत. गावच्या बँकेने दिलेलं साधं रुपे कार्ड बहुधा देशापुरतंच असतं.

चार आकडी पिनही तिकडे चालतो, कारण तो जगभर इंग्लंडच्या पहिल्या यंत्रापासून रुळला आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनमधल्या एनफिल्डला बार्कलेज बँकेने नोटा देणारं यंत्र बसवलं, ते बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन शिलाँगला जन्मलेले. त्यांना सहा आकडे हवे होते, बायकोला चारच्या वर लक्षात राहत नव्हते, म्हणून चार. भारतात पहिलं एटीएम वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, मुंबईत एचएसबीसीने आणलं.

एक अडचण अशी आहे जिच्यावर मार्कअप वगैरे काहीच लागू होत नाही. खात्यातून पैसे गेले, यंत्रातून नोटा आल्या नाहीत. भारतात असं झालं तर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, नाही आले तर बँकेने रोज शंभर रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा नियम. तो फक्त देशातल्या देशात झालेल्या व्यवहाराला आहे. परदेशातल्या यंत्राची तक्रार तुमची बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत तिकडच्या बँकेकडे करते, तिकडून यंत्राची नोंद मागवतात, आणि यात आठवडे जातात. यंत्राने दिलेली चिठ्ठी अशा वेळी कामाला येते. चिठ्ठी आलीच नाही तर यंत्रावर चिकटवलेल्या क्रमांकाचा फोटो, वेळ आणि रस्त्याचं नाव. ‘चार तारखेला पटायात काढले होते’ एवढ्यावर कोणी शोध घेत नाही.

राहता राहिले घरी आलेले बाट. परत आल्यापासून १८० दिवसांत जादा परकीय नोटा अधिकृत चेंजरला विकायच्या असतात; दोन हजार डॉलर मोलापर्यंतच्या नोटा जवळ ठेवायला परवानगी आहे. नाणी कितीही ठेवा, ती चेंजरही घेत नाहीत. आमच्याकडे उरलेल्या बाटांची विल्हेवाट अगदी सोपी समजतात. पुढची बॅच महिन्याभरात निघणारच असते, तिच्यातल्या कोणाला तरी बाजारभावाने द्यायचे, दोघांचाही चेंजरचा फरक वाचतो. व्यवहार म्हणून यात खोट काढणं कठीण आहे, पण फेमा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परकीय चलनाची देवघेव अधिकृत व्यक्तीशीच करायची असते, आणि भिशीचा कॅशिअर त्या यादीत नाही.